सेवेतून शिक्षण आणि शिकविणाऱ्याचे ऋण

विद्या आणि सेवा ह्या दोन गोष्टी आपल्या महाविद्यालयांत फार काळ एकमेकींच्या शेजारी नांदल्या. परंतु एका घरात क्वचितच आल्या. विद्यार्थी वर्गात शिकत असे आणि मनात आले तर सुट्टीच्या दिवशी सेवा करीत असे. शिक्षणाला गुण मिळत, सेवेला फार तर प्रमाणपत्र. आता ही मांडणी बदलू लागली आहे. २०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि २०२४-२५ ह्या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतही त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानुसार क्षेत्रप्रकल्पाला आणि लोकांमध्ये जाऊन केलेल्या कामाला पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. आमच्या धर्मग्रामातील घरांत हा शब्द आता ‘क्रेडिट’ ह्या नावाने नेहमी कानी पडतो. मुलगी सांगते, पाड्यावर जायचे आहे, दोन क्रेडिट आहेत. आईवडिलांना समाधान वाटते. मुले गरिबांचे घर पाहतील, त्यांना चार घास कमी असणे म्हणजे काय ते कळेल, असे ते म्हणतात. त्यात खोटे काही नाही.

तरीही ह्या समाधानाच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो विचारल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. विद्यार्थी शिकण्यासाठी गरिबाच्या दारी जातो, तेव्हा तो गरीब त्याचा कोण होतो? सेवा घेणारा, की अभ्यासाचा विषय, की शिक्षक? ह्या तीन उत्तरांपैकी आपण कोणते मनाशी धरतो, ह्यावर सगळ्या उपक्रमाची नीतिमत्ता अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ह्या पद्धतीचे स्वरूप समजून घेऊ. ज्याला आज ‘सर्व्हिस लर्निंग’ म्हणजे सेवेतून शिक्षण म्हणतात, तो शब्दप्रयोग अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथे १९६६-६७ च्या सुमारास रूढ झाला. नुसती समाजसेवा म्हणजे सेवेतून शिक्षण नव्हे आणि नुसता अनुभवही नव्हे. त्यात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. लोकांची खरी गरज भागविणारे काम हवे. त्या कामाचा विद्यार्थ्याच्या अभ्यासविषयाशी सांधा जुळलेला हवा. आणि केलेल्या कामावर शांतपणे चिंतन व्हायला हवे. समजा, रसायनशास्त्राचे विद्यार्थी एखाद्या पाड्यावर जाऊन रस्ता झाडून आले, तर ती सेवा झाली. तेच विद्यार्थी तेथील विहिरींच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील क्षार तपासतात, पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे लोकांना सांगतात आणि हे पाणी असे का झाले ह्याचा वर्गात विचार करतात, तेव्हा सेवा आणि विद्या एका घरात आल्या असे म्हणता येईल.

कल्पना जुनी आहे आणि तिच्या उगमापाशी आपल्या ओळखीची माणसे उभी आहेत. १८३३ साली पॅरिस शहरात फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी कायद्याचा अभ्यास करीत होता. आदल्याच वर्षी कॉलऱ्याने त्या शहरात हाहाकार उडविला होता. ओझानाम आणि त्याचे मित्र एका चर्चामंडळात धर्म, इतिहास आणि समाज ह्यांवर वाद घालीत असत. तेथे एका प्रतिपक्षीयाने त्यांना डिवचले. तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील. पण आज, ह्या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करता, असा त्याचा रोख होता. ह्या प्रश्नाला व्याख्यानाने उत्तर देता येत नव्हते. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात काही विद्यार्थी एकत्र आले आणि गरिबांच्या घरी जाऊन त्यांना भेटण्याचा त्यांनी निश्चय केला. आपल्या धर्मग्रामांत आज जी विन्सेंट डी पॉल सोसायटी काम करते, तिचा जन्म असा विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने झाला. ओझानाम पुढे सॉर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

ह्या कथेतील एक व्यक्ती मात्र बहुधा विसरली जाते. विद्यार्थ्यांना उत्साह होता. परंतु कोणत्या घरी जावे, काय बोलावे, काय न्यावे हे त्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांना सिस्टर रोझाली रांद्यू ह्यांनी शिकविले. मुफतार ह्या पॅरिसमधील अत्यंत दरिद्री वस्तीत त्या तेव्हा सुमारे तीस वर्षे राहत होत्या. त्यांना घरे माहीत होती, घरांतील आजारपणे माहीत होती आणि कोण लाजेपोटी हात पसरत नाही हेही माहीत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कुटुंबे नेमून दिली, भाकरीची आणि सरपणाची कुपने दिली, आणि गरिबाचे बोलणे धीराने ऐकून घ्यावे हा धडा दिला. सिस्टर रोझालींच्या वाचून ती पोरे उत्साहाच्या भरात वस्तीत शिरली असती आणि महिन्याभरात थकून परतली असती, असे आम्हांस वाटते. रोझालींची ही जागा पुढील विवेचनात आपल्याला पुन्हा लागणार आहे.

विद्यापीठ आणि वस्ती ह्यांना जोडण्याचे प्रयत्न त्यानंतर निरनिराळ्या रूपांनी होत राहिले. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयनबी हॉल उभा राहिला आणि विद्यापीठातील तरुण गरीब वस्तीत राहावयास आले. आपल्या देशात रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२२ साली शांतिनिकेतनाजवळच्या सुरुल गावी ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू केले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनी १९२६ साली नागपाड्याच्या वस्तीत ‘नेबरहुड हाऊस’ स्थापन केले. १९३६ साली भारतातील समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, ह्याच घरात वीस विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. १९५५ साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ ह्या संघाच्या भगिनींनी मुंबईतच निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. आणि महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. प्रारंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक घेतलेल्या गावी सात दिवसांचे शिबिर हे तिचे स्वरूप आमच्या धर्मग्रामांतील अनेक पालकांना स्वतःच्या महाविद्यालयीन दिवसांपासून परिचित असेल. गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घातलेले हात आज आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसतात.

ह्या पद्धतीवर पहिला आक्षेप सक्तीचा घेतला जातो. श्रेयांकासाठी केलेली सेवा ही सेवा कशी? उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. येथे तर उजव्या हाताच्या प्रत्येक तासाची नोंद वहीत होते आणि त्यावर प्राध्यापकांची सही घेतली जाते. आक्षेप वजनदार आहे. तरी त्यास उत्तर आहे. सद्गुण हा आधी मनात परिपूर्ण होऊन मग कृतीत उतरतो असे नसते. वीणा वाजवीत वाजवीतच माणूस वीणावादक होतो, तद्वत न्यायाची कृत्ये करता करता तो न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटलने मांडले आणि संत थॉमस अक्विनास ह्यांनी सद्गुणांच्या विवेचनात ही सवयीची वाट मान्य केली. आपण मुलांना प्रार्थनेला बसवितो, तेव्हा त्यांची इच्छा असतेच असे नाही. म्हणून ती प्रार्थना व्यर्थ ठरत नाही. सक्तीने पाड्यावर गेलेली मुलगी पुढल्या वेळी आपण होऊन जाण्याची शक्यता असते. वर्गात बसून राहिलेल्या मुलीची तीही नसते.

परंतु हे उत्तर केवळ विद्यार्थ्यापुरते आहे, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. सक्तीने त्याचे भले झाले की नाही, एवढेच त्यात पाहिले. ज्या दारात तो उभा राहिला, त्या दाराचे काय झाले?

येथे दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. इम्मान्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली असे प्रतिपादन केले, की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये, कारण प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य असतो. ख्रिस्ती माणसाला हे पटविण्यासाठी कांटची गरज नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडविलेला आहे, हे तो उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून मानतो. मग दारिद्र्य ‘पाहण्यासाठी’ विद्यार्थ्यांना वस्तीत नेणे, लोकांच्या चुलीपर्यंत जाणे, त्यांच्या अडचणी प्रश्नावलीत भरणे आणि परत येऊन त्यांवर गुण मिळविणे हे काय आहे? वस्तीचे आयुष्य हे आमच्या मुलांच्या मनाच्या वाढीसाठी ठेवलेले पाठ्यपुस्तक आहे काय?

हा प्रश्न सर्वांत कठोर शब्दांत एका कॅथॉलिक धर्मगुरूनेच विचारला होता. इव्हान इलिच हे मूळचे व्हिएन्नाचे. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे त्यांचे केंद्र होते. २० एप्रिल १९६८ रोजी, सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी येऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्यांनी भाषण केले. तुमचे हेतू चांगले आहेत ह्याने काहीही सिद्ध होत नाही, असे त्यांनी त्या मुलांना तोंडावर सांगितले. ज्यांची भाषा तुम्हांला येत नाही, ज्यांना तुम्हांला ‘नको’ म्हणता येत नाही, अशांवर तुम्ही आपला चांगुलपणा लादता, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भाषणाच्या अखेरीस ते म्हणाले, की पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या; मदत करण्यासाठी मात्र येऊ नका.

इलिच ह्यांचे अर्धे म्हणणे आम्हांस पटते आणि अर्ध्याविषयी शंका वाटते. मदतीच्या अहंकारावर त्यांनी ठेवलेले बोट योग्य ठिकाणी पडले आहे. परंतु ‘शिकण्यासाठी या’ हे जणू निरुपद्रवी आहे असे ते गृहीत धरतात. शिकणे हेसुद्धा घेणे आहे. ज्याच्याकडून आपण काही घेतो, त्याचे आपण देणे लागतो.

आमच्या परिसराच्या पूर्वेस डोंगराच्या अंगाला वारल्यांचे पाडे आहेत. तेथील एका वृद्धेने आम्हांस एकदा विचारले, “फादर, ती कॉलेजची पोरं पुन्हा येणार काय? घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, पोरगं आजारी पडलं तर कुठं नेता, सगळं लिहून नेलं. मागल्या सालीही दुसरी आली होती, त्यांनीही हेच नेलं. त्याचं पुढं काय होतं?” तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पोरे चांगली होती, हसून बोलली, असेही तिने सांगितले. आपण दिलेली वस्तू कोठे पोहोचली, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. ज्याने कोणाला काही दिले आहे, त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या दोन वर्षांच्या कागदांचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

ह्या वृद्धेने विद्यार्थ्यांना शिकविले, हे नाकारता येईल काय? तिच्या उत्तरांवर त्यांनी प्रकल्प लिहिला, प्रकल्पावर गुण मिळविले, गुणांवर पदवी मिळविली. वर्गात जे काम वेतन घेऊन प्राध्यापक करतात, ते तिने ओसरीवर बसून विनामूल्य केले. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की सेवेतून शिक्षणाच्या ह्या व्यवहारात वस्ती ही शिक्षकाच्या जागी आहे, आणि ती शिक्षकाच्या जागी असेल तर शिक्षकाचे हक्कही तिच्याकडे जातात. आपल्या परंपरेत गुरूच्या ऋणाला मोठे स्थान आहे. एकलव्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. द्रोणाचार्यांनी त्या निषादपुत्राला शिकविले नाही, तरी गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मागितला आणि त्याने तो दिला. आज रानातला माणूस आमच्या मुलांना शिकवितो, आणि वर कागदावर अंगठाही तोच उमटवितो.

शिक्षकाचे हक्क म्हणजे नेमके कोणते? अमेरिकेत ह्या चळवळीच्या आरंभी असलेल्या रॉबर्ट सिग्मन ह्यांनी १९७९ साली तीन तत्त्वे मांडली, ती येथे उपयोगी पडतात. ज्यांची सेवा करावयाची, त्यांच्या हाती त्या सेवेचे नियंत्रण असावे; त्या सेवेमुळे त्यांची स्वतःची शक्ती वाढावी; आणि सेवा करणाऱ्यानेही शिकावे व आपण काय शिकणार हे ठरविण्यात त्यालाही वाव असावा. ह्यांतील पहिले तत्त्व ऐकावयास सोपे आणि आचरावयास अवघड आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानात येशू बार्तीमय ह्या आंधळ्याला जवळ बोलावतो आणि त्याला विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे असे तुला वाटते. आंधळ्याला काय हवे असणार हे कोणालाही दिसत होते. तरी येशूने विचारले आणि त्याच्या तोंडून उत्तर ऐकल्यावरच पुढचे पाऊल टाकले. विद्यापीठे बहुधा प्रश्नावली छापून नेतात. पण हा एक प्रश्न तिच्यात नसतो.

हे केवळ आदर्शात शक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ह्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. पुढे जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी तेथे शिकावयास येऊ लागले, आणि त्यांना शिकविणाऱ्यांत ह्या आरोग्यसेविका होत्या. नवजात बाळाला कसे सांभाळावे, गावातील जातीची भिंत ओलांडून घरात कसे शिरावे, हे परदेशी विद्यापीठातून आलेला विद्यार्थी नऊवारी नेसलेल्या बाईकडून शिकला, आणि ती येथे शिक्षिका आहे हे त्यालाही ठाऊक होते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने ह्याहून पुढची वाट दाखविली. तेथील लोकांनी स्वतःचे अभ्यासगट चालविले. बाहेरचा जाणकार आला, तर तो गावाच्या प्रश्नावर गावासोबत अभ्यास करावयास बसत असे. जंगल कोणाचे, कायदा काय म्हणतो, ह्याचा उलगडा अशा बैठकांतून झाला. आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. प्रश्न गावाचा, अभ्यास दोघांचा आणि फळ गावाच्या हाती, असा तो व्यवहार होता.

लोकांचे ज्ञान लोकांना परत देणे ही वरवर साधी दिसणारी गोष्ट कधी किती महाग पडते, हे मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशाने पाहिले. तेथील येशूसंघीय विद्यापीठाचे प्रमुख फादर इग्नासियो एलाकुरिया ह्यांची धारणा होती, की विद्यापीठाने आपले संपूर्ण ज्ञानच गरिबांच्या वास्तवाकडे वळवावे. चार विद्यार्थी वस्तीत पाठविल्याने ते कर्तव्य पुरे होत नाही. त्यांचे सहकारी फादर इग्नासियो मार्टिन-बारो हे मानसशास्त्रज्ञ होते. यादवी युद्ध चालू असता १९८६ साली त्यांनी लोकमत अजमावणारी संस्था काढली. सरकारी प्रचार लोकांच्या नावाने जे बोलत होता, ते लोक खरोखर बोलतात काय, हे लोकांना विचारून त्यांचेच उत्तर त्यांच्यासमोर आरशासारखे धरावे, हा तिचा हेतू होता. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे सैनिक विद्यापीठाच्या आवारात शिरले. त्यांनी ह्या दोघांसह सहा येशूसंघीय धर्मगुरूंची, स्वयंपाकीण एल्बा रामोस हिची आणि तिची मुलगी सेलिना हिची हत्या केली. आमच्या मुलांवर असा प्रसंग येणार नाही, देवाची कृपा. पण पाहणीचा अहवाल वस्तीत नेऊन वाचून दाखविण्याचा आळस करताना, ह्याच कामासाठी काहींनी प्राण दिले आहेत हे आठवणे बरे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. वस्ती ही काही एकजीव, निर्मळ व्यक्ती नसते. तिच्यातही बलवान आणि दुर्बल असतात. ‘गावाला काय हवे’ असे विचारले, तर पहिले उत्तर गावातील वजनदार माणूस देतो आणि विद्यार्थ्यांचे श्रमदान त्याच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर खर्च होते. आपल्या धर्मग्रामांनाही हा मोह सुटलेला नाही. सेवेसाठी आलेल्या मुलांना सणाच्या मंडपाची खुर्च्या-टेबले उचलावयास लावणे सोपे असते. शिवाय कोणी असेही म्हणेल, की एवढ्या अटी घातल्या तर विद्यार्थी वर्गाबाहेर पाऊलच टाकणार नाहीत. चुकतमाकत का होईना, गेलेले बरे. ह्या दोन्ही शंका खऱ्या आहेत. ओझानाम आणि त्याचे मित्रही चाचपडतच गेले होते.

परंतु ह्या दोन्ही शंकांचे उत्तर आम्हांस एकाच ठिकाणी सापडते, आणि ते म्हणजे सिस्टर रोझालींच्या जागी. सत्र काही महिन्यांचे असते. वस्तीचे आयुष्य पिढ्यांचे. विद्यार्थी दरवर्षी बदलतात. वस्ती तीच राहते. ह्या दोहोंमध्ये कायम राहणारे, दोन्हीकडची भाषा जाणणारे, वजनदार माणसाच्या पलीकडचे शेवटचे घर ओळखणारे कोणीतरी असावेच लागते. आपल्या महाविद्यालयांत हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे वर्गाच्या कामाबरोबर जादा म्हणून सोपविलेले असते. तो भला माणूस असतो, पण त्याला वेळ नसतो. ज्या विद्यापीठाला वस्तीशी खरी भागीदारी हवी, त्याने ह्या जागेसाठी माणूस, पैसा आणि वर्षे द्यावीत. म्हणजे मग उरलेल्या गोष्टी शक्य होतात. जाण्याआधी विचारले जाईल. ‘यंदा नको’ म्हणण्याची मुभा वस्तीला राहील. तपासणीचा अहवाल तिच्या भाषेत तिच्याकडे परत येईल. मागच्या वर्षीचे प्रश्न यंदा पुन्हा विचारले जाणार नाहीत. आणि विद्यार्थ्याला गुण देताना ज्या घराने त्याला शिकविले त्या घराचे मतही विचारात घेतले जाईल.

येशूसंघाचे तत्कालीन प्रमुख फादर पीटर-हान्स कोल्वेनबाख ह्यांनी २००० साली कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात भाषण केले होते. येशूसंघीय विद्यापीठांचे खरे मोजमाप त्यांचे विद्यार्थी पुढे कोण बनतात ह्यात आहे, आणि दुःखितांच्या प्रत्यक्ष सहवासाने हृदय हलले म्हणजे बुद्धीही बदलास तयार होते, असा विचार त्यांनी मांडला. तो आम्हांस शिरोधार्य आहे. त्याला आम्ही नम्रपणे एवढीच जोड देऊ इच्छितो, की ज्याच्या सहवासाने हृदय हलले, त्याचे पुढे काय झाले हेही मोजमापात धरले जावे.

ह्या कामी आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना करण्यासारखे पुष्कळ आहे. विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना गरजवंतांची घरे नावानिशी माहीत असतात. महाविद्यालयांनी त्यांची मदत घ्यावी आणि त्यांनीही ती आपण होऊन देऊ करावी. सिस्टर रोझालींनी विद्यार्थ्यांना जे दिले, ते आज त्यांच्याच परंपरेतील माणसे विद्यार्थ्यांना देऊ शकतील. आणि आईवडिलांनो, तुमचा मुलगा वा मुलगी पाड्यावरून परत येईल, तेव्हा किती तास झाले, सही मिळाली काय, हे जरूर विचारा. त्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारा. तुला तेथे कोणी शिकविले, त्यांचे नाव काय? आणि तू त्यांच्याकडे पुन्हा केव्हा जाणार आहेस? पहिल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर मुलाने माणूस पाहिला नाही, नुसती वस्ती पाहिली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर त्याच्यासोबत तुम्हीच निघावे. तपासलेल्या पाण्याचा अहवाल तेथे कोणीतरी पोहोचवावयाचा आहे.